प्रवाहाविरुद्ध ऱ्हाईन : कोब्लेन्झ ते ऱ्युडेसहाइम बोटसेवेचे परीक्षण

जर्मनीतील कोब्लेन्झ आणि ऱ्युडेसहाइम या दोन गावांदरम्यान ऱ्हाईन नदीवर वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी बोटी चालतात. सुमारे ६५ किलोमीटरचा हा टप्पा म्हणजे ऱ्हाईनच्या मधल्या भागातील अरुंद घळई असून २००२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला. फ्रँकफर्ट परिसरात नोकरीनिमित्त राहणारी अनेक मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आई-वडिलांना एक दिवस या बोटीवर घेऊन जातात. मात्र वेळ वाचवण्यासाठी सांक्ट गोआर ते बाखाराख हा तासाभराचा तुकडा करून परततात. माझे मत असे की ही सेवा घ्यायची तर पूर्ण टप्प्याची घ्यावी आणि तीही प्रवाहाविरुद्ध, म्हणजे सकाळी कोब्लेन्झहून निघून दुपारी ऱ्युडेसहाइमला उतरावे.

प्रवाहाबरोबर हे अंतर सुमारे चार तासांत संपते, तर उलट दिशेने सहा तास लागतात. हा दोन तासांचा फरक संपूर्णपणे नदीच्या वेगाचा आहे, आणि तो अंगावर घेतल्याशिवाय या घळईचा इतिहास नीट कळत नाही. इंजिने येण्यापूर्वी मालाच्या नावा काठावरच्या वाटेने माणसे किंवा घोडे दोरखंडांनी ओढून वर नेत असत. त्या संथ नावांना अडवणे, थांबवणे आणि त्यांच्याकडून पैसे घेणे किती सोपे होते, हे वेगाने खाली घसरणाऱ्या बोटीतून लक्षात येत नाही. दुसरे कारण उजेडाचे आहे. सकाळी कोब्लेन्झहून निघालेल्या बोटीला पूर्वेकडून येणाऱ्या उन्हात पश्चिम काठावरचे किल्ले स्पष्ट दिसतात, आणि दुपारनंतर ऱ्युडेसहाइमसमोरच्या बिंगनजवळ पोहोचेपर्यंत ऊन पूर्वेच्या काठावरील द्राक्षमळ्यांवर आलेले असते. छायाचित्रे काढणाऱ्यांना याहून सोयीची वेळ मिळणार नाही.

बोटीची व्यवस्था चांगली आहे. खालच्या मजल्यावर काचबंद दालन आणि उपाहारगृह, वर मोकळा डेक, त्यावर बाके आणि टेबले असतात. स्वच्छतागृहे नीटनेटकी असतात आणि कर्मचारी तत्परतेने मदत करतात. धक्क्यावरून बोटीत जाण्यासाठी उतरता पूल असतो, परंतु नदीची पातळी खाली गेलेली असली की त्याचा उतार तीव्र होतो, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्या ज्येष्ठांसोबत कोणीतरी असलेले बरे. वरच्या डेकवर जायला जिना आहे. शाकाहारी माणसाला उपाहारगृहात फारसा पर्याय मिळत नाही : तळलेले बटाटे, एखादे सूप, पाव, चीज, केक आणि कॉफी एवढ्यावर दिवस काढण्यापेक्षा बोपार्डसारख्या मधल्या गावात उतरून जेवावे आणि पुढची बोट घ्यावी. त्याच तिकिटावर असे उतरता येते का, हे तिकीट काढतानाच विचारून घ्यावे. मी वरच्या डेकवर उजव्या बाजूची जागा सुचवेन, कारण सकाळच्या टप्प्यातील बरेच काही त्या बाजूला आहे; लोरेलायच्या खडकानंतर मात्र डावीकडे सरकावे.

माझी तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. ध्वनिक्षेपकावरून मिळणारी माहिती फार तोकडी असते. किल्ल्याचे नाव, तो कोणत्या शतकात बांधला गेला, त्याच्याशी जोडलेली दंतकथा, की निवेदन संपते. जगातील सर्वाधिक राबत्या अंतर्गत जलमार्गांपैकी एकावरून आपण जात आहोत, शेजारून जाणाऱ्या लांबलचक मालवाहू बोटींत काय भरलेले आहे, काठावरच्या पाट्यांवरचे आकडे कसले आहेत, हे किल्ले इतक्या दाटीने का उभे आहेत, यांपैकी काहीही सांगितले जात नाही. नदी म्हणजे किल्ल्यांच्या चित्रांमधली मोकळी जागा, असा ग्रह होऊन प्रवासी उतरतो. म्हणून या परीक्षणाचा बराच भाग मी त्या न सांगितलेल्या गोष्टींना देत आहे.

काठावरच्या पाट्यांपासून सुरुवात करतो, कारण त्या सहा तास सोबत असतात. ऱ्हाईनवरील अंतर १९३९पासून कॉन्स्टन्स येथील पुलापासून मोजले जाते. तेथे शून्य, आणि नेदरलँड्समधील हूक ऑफ हॉलंडजवळ, जेथे नदी उत्तर समुद्राला मिळते, तेथे १०३६. प्रत्येक किलोमीटरला मोठ्या आकड्याची पाटी असते. कोब्लेन्झला ती ५९२च्या आसपास असते आणि वर जाताना आकडे कमी होत ऱ्युडेसहाइमला ५२७च्या आसपास येतात. हा आकडा टिपत गेलो तर नकाशावर आपली जागा क्षणात सापडते. मात्र नदीची संपूर्ण लांबी यात येत नाही, कारण शून्याच्या वरही नदी आहेच : स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात २,३४५ मीटर उंचीवरील टोमा सरोवरातून निघणारा एक प्रवाह आणि दुसऱ्या खोऱ्यातून येणारा प्रवाह राइशेनाऊ येथे एकत्र येतात, मग नदी बोडनझे सरोवरात शिरते आणि तेथून बाहेर पडते. हे सारे धरून लांबी सुमारे १,२३० किलोमीटर भरते. अनेक जुन्या संदर्भग्रंथांत ती १,३२० अशी छापलेली आढळते. विसाव्या शतकात कोणाच्या तरी हातून दोन अंकांची अदलाबदल झाली आणि ती चूक पुस्तकामागून पुस्तकात उतरत गेली. कोलोन विद्यापीठातील जीवशास्त्रज्ञ ब्रुनो क्रेमर यांनी २०१० साली ती उघड केली.

बोडनझेतून निघालेली नदी शाफहाउझेनजवळ २३ मीटर उंचीचा आणि सुमारे १५० मीटर रुंदीचा धबधबा घेते, बाझेलला उत्तरेकडे वळते आणि रुंद, सपाट खोऱ्यातून वाहू लागते. या सपाट भागातील नागमोडी नदीला अभियंता योहान गॉटफ्रीड टुला यांच्या आराखड्यानुसार १८१७ ते १८७६ या काळात सरळ करण्यात आले आणि तिची लांबी ८१ किलोमीटरने घटली. पूर आणि हिवताप यांपासून शेते-गावे सुटली, पण पाणी वेगाने खाली धावू लागले आणि नदीने आपला तळ खणायला सुरुवात केली. पुढे बाझेलपासून इफेत्सहाइमपर्यंत दहा बांध घातले गेले. इफेत्सहाइमच्या खाली मात्र समुद्रापर्यंतच्या मुख्य प्रवाहावर एकही बांध किंवा बोटी वर-खाली नेणारा जलपाश नाही, त्यामुळे आपल्या बोटीखालचे पाणी अडवलेले नसते. आल्प्समध्ये बर्फ किती वितळले आणि खालच्या डोंगरांत पाऊस किती पडला, यावर त्या दिवशीची खोली ठरते, आणि या प्रवासात पुढे त्याचे महत्त्व कळते.

माइन्झजवळ टाउनुस डोंगर आडवा येतो आणि उत्तरेकडे निघालेली नदी पश्चिमेला वळते. बिंगनला तिला वाट सापडते, आणि तेथून कोब्लेन्झपर्यंत ती स्लेट या पाटीच्या दगडाच्या जुन्या थरांतून कापत जाते. हे खडक सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. घळई तयार होण्याचे कारण असे सांगितले जाते की नदी आधीपासूनच येथे वाहत होती. डोंगराळ प्रदेश हळूहळू वर उचलला जात असताना तिने आपली जागा सोडली नाही आणि जमीन जितकी वर आली तितकी ती खोल कापत गेली. बोटीवरून मान वर केली तर घळईच्या माथ्यावर जवळजवळ सपाट पठार दिसते. तेच उचलल्या गेलेल्या भूमीचे पृष्ठ होय. हे एक वाक्य निवेदनात आले असते तर भूगोल शिकलेल्या प्रत्येक प्रवाशाला समोरचे दृश्य वाचता आले असते.

कोब्लेन्झचा धक्का सोडताना मागे मोझेल नदीचा संगम राहतो. रोमनांनी या संगमावर ठाणे वसवले होते, आणि त्यांच्या साम्राज्याची सीमा दीर्घ काळ याच नदीने आखलेली होती. संगमाच्या टोकावर सम्राट पहिल्या विल्हेल्मचा अश्वारूढ पुतळा आहे. १८९७ साली उभारलेला मूळ पुतळा १९४५मध्ये नष्ट झाला, आज दिसतो तो १९९३मध्ये बसवलेला. समोरच्या काठावरील एहरेनब्राइटश्टाइन हा अवाढव्य किल्ला प्रशियाने १८१७ ते १८२८ या काळात नव्याने बांधला. त्याचे तोंड फ्रान्सकडे आहे. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनकाठचा हा प्रदेश प्रशियाला मिळाला, आणि पुढच्या शे-सव्वाशे वर्षांत या काठांवर जे काही बांधले गेले त्यातील बऱ्याच गोष्टींमागे ‘ही नदी कोणाची’ हा प्रश्न होता.

थोड्याच वेळात उजव्या हाताला पिवळसर रंगाचा श्टोल्त्सनफेल्स किल्ला येतो. कोब्लेन्झ शहराने त्याचे अवशेष १८२३ साली प्रशियाच्या युवराजाला भेट दिले आणि १८३६पासून १८४२पर्यंत शिंकेल या प्रसिद्ध वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून तेथे राजवाडा उभा राहिला. निवेदनात तो ‘मध्ययुगीन’ म्हणून येतो, तेव्हा लक्षात ठेवावे की मध्ययुगाची ही प्रतिमा एकोणिसाव्या शतकातील राजघराण्याने घडवलेली आहे. मध्ययुगातील खरी गोष्ट आणखी रंजक आहे आणि ती याच वळणावर एका नजरेत सामावते. पवित्र रोमन साम्राज्याचा राजा निवडण्याचा अधिकार असलेल्या सात जणांपैकी चौघांचे प्रदेश ऱ्हाईनकाठी होते : माइन्झ, ट्रियर आणि कोलोनचे आर्चबिशप आणि ऱ्हाईनचा पॅलटाइन काउंट (या प्रदेशाचा सरंजामी शासक). श्टोल्त्सनफेल्स ट्रियरचा, समोरचे लानश्टाइन माइन्झचे, पुढचे ऱ्हेन्स कोलोनचे आणि पलीकडचे ब्राउबाख पॅलटाइन काउंटच्या अखत्यारीतले. चौघांनाही आपल्या हद्दीतून फार लांब जावे लागत नसल्यामुळे ते ऱ्हेन्सला भेटत, आणि १३३८ साली येथेच निवडीचा अधिकार असलेल्या राजपुरुषांनी जाहीर केले की आपण निवडलेल्या राजाला पोपच्या मान्यतेची गरज नाही.

चौघांच्या सीमा इतक्या जवळ कशा आल्या, या प्रश्नाचे उत्तर जकातीत आहे. नदीवरून जाणारा प्रत्येक माल हा काठावर सत्ता असणाऱ्याचा महसूल होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाईनवरील जकात नाक्यांची संख्या साठाच्या घरात गेली होती. पुढे-मागे चार-सहा मैलांवर नाका, प्रत्येक नाक्यावर मोजणी, थांबा, वाद, आणि नाका राखायला किल्ला. घळईत सुमारे ४० किल्ले व अवशेष आहेत ते या कारणाने. व्यापारी शहरांनी १२५४ साली ऱ्हाईन संघ स्थापला तो प्रामुख्याने या मनमानी जकातीविरुद्ध. पुढच्याच वर्षी संघाने सांक्ट गोआरच्या ऱ्हाइनफेल्स किल्ल्याला वेढा घातला, कारण काट्सनएल्नबोगनच्या काउंट डीटरने तेथे जकात वाढवली होती. वेढा वर्षाहून अधिक काळ चालला आणि किल्ला पडला नाही. ऱ्हाइनफेल्सचे लालसर-करडे अवशेष सांक्ट गोआरच्या वर आजही फार मोठा भाग व्यापून आहेत. चौदाव्या लुईच्या फौजेलाही १६९२मध्ये तो घेता आला नव्हता. १७९४मध्ये फ्रेंच क्रांतिकारी सैन्याच्या हाती तो लढाईविना गेला आणि नंतर त्यांनी तो सुरुंगांनी उडवला.

ब्राउबाखच्या वर डावीकडे उभा असलेला मार्क्सबुर्ग मात्र डोळे भरून पाहावा. घळईच्या माथ्यावरील किल्ल्यांपैकी कधीही उद्ध्वस्त न झालेला हा एकमेव. १९००पासून तो जर्मन किल्ले संघटनेच्या ताब्यात आहे. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी येथे उतरावे, कारण बाकी ठिकाणी आपण पुनर्बांधणी पाहतो, येथे वापरात असलेला किल्ला कसा होता ते कळते. त्यानंतर बोपार्डचे मोठे वळण येते, चौथ्या शतकातील रोमन ठाण्याच्या भिंती गावात उभ्या आहेत, आणि पुढे कांप-बोर्नहोफेनच्या वर दोन शेजारी किल्ल्यांमध्ये जाड भिंत घातलेली दिसते, तिला भावांच्या वैराची दंतकथा जोडलेली आहे. बोपार्ड ते सांक्ट गोआर हा भाग निवांत आहे. जेवण उरकायचे असेल तर याच वेळात उरकावे.

सांक्ट गोआर सोडल्यावर बोटीवरचे सगळे प्रवासी डावीकडच्या कठड्याशी जमतात, ध्वनिक्षेपकावर लोरेलायच्या गाण्याची ओळखीची चाल वाजते आणि लोरेलायचा खडक येतो. तो पाण्यापासून १३२ मीटर उंच आहे, त्याच्या पायथ्याशी नदी अरुंद होते, काटकोनात वळते आणि तिची खोली २५ मीटरपर्यंत जाते. खडकावर बसून केस विंचरणारी आणि नाविकांना भुलवणारी स्त्री ही प्राचीन लोककथा असल्याचे प्रवाशांना सांगितले जाते. प्रत्यक्षात तिला १८०१मध्ये क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीने जन्म दिला आणि १८२४मध्ये हाइन्रिख हाइनेच्या कवितेने ती जर्मन भाषकांच्या घराघरांत पोहोचली. खडक मात्र त्याच्याही आधी कित्येक शतके प्रतिध्वनीसाठी आणि अपघातांसाठी ओळखला जात होता.

या वळणावर कठड्याशी उभे राहून मी सर्वांना खडकाऐवजी काठावरच्या दिव्यांच्या खांबांकडे पाहायला सांगेन. ओबरवेझेल आणि सांक्ट गोआर यांच्यामधली वळणे इतकी आंधळी आहेत की वर जाणाऱ्या बोटीला समोरून खाली येणारी बोट दिसत नाही. पूर्वी काठावर बसलेले पहारेकरी झेंडे दाखवून इशारा देत. आता ओबरवेझेलच्या नियंत्रण केंद्रातून प्रकाशाच्या रेघांनी सांगितले जाते की पुढच्या टप्प्यात काही येत आहे की नाही, आणि येत असल्यास ते केवढे लांब आहे. १३ जानेवारी २०११ रोजी, नदीला जोर असताना, सुमारे २,४०० टन सल्फ्युरिक आम्ल घेऊन निघालेली ‘वाल्डहोफ’ ही टँकर बोट लोरेलायजवळ उलटली. दोन खलाशी मृत्युमुखी पडले आणि वाहतूक सुमारे महिनाभर विस्कळीत राहिली. दोनशे वर्षांपूर्वी रचलेल्या सुंदरीसाठी गाणे वाजते आणि त्या दोन माणसांचा उल्लेखही होत नाही, याचे मला वाईट वाटते.

पुढे वळसा घेऊन उघडणाऱ्या जागेत काउब येते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रवासातील सर्वांत महत्त्वाचे ठिकाण हेच. नदीच्या मध्यभागी खडकावर फाल्त्सग्राफनश्टाइन हा पांढरा, टोकदार किल्ला उभा आहे. ‘बव्हेरियन’ म्हणून ओळखला जाणारा जर्मन राजा लुडविग याने १३२७च्या सुमारास तो जकातीसाठीच बांधायला घेतला. समोरच्या काठावरच्या किल्ल्याशी आणि गावाशी मिळून तो नदीचा रस्ता बंद करू शकत असे. येथील जकात १८६०च्या दशकापर्यंत चालू होती. याच जागी १८१३ सालच्या अखेरच्या रात्री फील्ड मार्शल ब्ल्युखरने बेटाचा आधार घेऊन तरंगता पूल बांधला आणि नेपोलियनचा पाठलाग करणारे प्रशियन-रशियन सैन्य पश्चिम काठावर उतरवले. पहिल्या महायुद्धानंतर कोब्लेन्झभोवती अमेरिकन आणि माइन्झभोवती फ्रेंच सैन्याचे अर्धवर्तुळाकार ताबे आखले गेले, तेव्हा दोन वर्तुळे एकमेकांना न मिळाल्याने काउब आणि लोर्श यांच्या भोवतीचा बाटलीच्या मानेसारखा निमुळता तुकडा कोणाच्याच ताब्यात आला नाही. १९१९पासून १९२३पर्यंत त्या तुकड्याचा कारभार लोर्शहून चालला आणि त्याने स्वतःच्या नोटाही छापल्या.

पण काउब आज ओळखले जाते ते किल्ल्यामुळे नाही. काठावर पाण्याची पातळी मोजणारे जे केंद्र आहे त्याचा आकडा रॉटरडॅमपासून बाझेलपर्यंतचे प्रत्येक जहाजमालक रोज पाहतात, कारण मधल्या ऱ्हाईनवरची सर्वांत उथळ जागा येथे आहे आणि बोटीत किती माल भरायचा हे तिच्यावरून ठरते. मापपट्टीवरचा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे; बोटींच्या मार्गातली प्रत्यक्ष खोली त्याहून मीटरभर तरी अधिक असते. तरीही ऑक्टोबर २०१८मध्ये हा आकडा २५ सेंटीमीटरपर्यंत उतरला, तेव्हा मालवाहू बोटी क्षमतेच्या अल्पांशावर चालल्या, पेट्रोल-डिझेलचा पुरवठा अडला आणि लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीने आपले सुमारे २५ कोटी युरोंचे नुकसान झाल्याचे सांगितले. ऑगस्ट २०२२मध्ये पाणी पुन्हा जवळजवळ तितकेच खाली गेले. उन्हाळ्यात आल्प्समधील बर्फ आणि हिवाळ्यात खालच्या प्रदेशातील पाऊस, असे दोन आधार असल्यामुळे ऱ्हाईन वर्षभर वाहती राहत आली. हिमनद्या मागे हटत असताना त्यातला उन्हाळी आधार कमकुवत होत चालला आहे. उलट टोकही आहे : काउबला पातळी ६४० सेंटीमीटरवर गेली की या भागातील सर्व वाहतूक थांबवली जाते. गावांतल्या कोपऱ्यांवरच्या घरांच्या भिंतींवर पुराच्या वर्षांच्या खुणा कोरलेल्या आहेत, बोटीवरून दुर्बिणीने त्या वाचता येतात.

येथेच जकातीचा शेवट सांगणे योग्य ठरेल. व्हिएन्ना परिषदेने १८१५मध्ये ऱ्हाईनवर मुक्त वाहतुकीचे तत्त्व मान्य केले आणि त्यासाठी मध्यवर्ती आयोग नेमला. काठावरच्या राज्यांनी १८३१चा माइन्झ करार आणि १८६८चा मानहाइम करार केला, आणि जकात कायमची गेली. हा आयोग आजही काम करतो, त्याचे कार्यालय स्ट्रासबर्गला आहे, आणि अजून टिकून असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळच्या सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत उतरली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. त्यानंतर काठावरच्या देशांनी आखलेल्या कृती कार्यक्रमातून सांडपाणी शुद्धीकरण आणि सॅमन मासा परत आणण्याचे काम सुरू झाले, आणि सॅमन आज ऱ्हाईनच्या उपनद्यांमध्ये पुन्हा अंडी घालतो. नऊ देशांत पसरलेल्या खोऱ्याने एकत्र येऊन नदी सुधारल्याचा हा दाखला बोटीवरच्या कोणत्याही दंतकथेहून सांगण्याजोगा आहे.

बाखाराखला बोट थोडी अधिक थांबते. लाकडी चौकटींची घरे, माथ्यावर श्टालेक किल्ल्यात चालणारे युवा वसतिगृह आणि मध्ये छप्पर नसलेल्या व्हेर्नर चॅपेलचे लाल दगडी अवशेष दिसतात. या चॅपेलचे सौंदर्य वाखाणले जाते, पण ते एका खोट्या आरोपाचे स्मारक आहे : १२८७ साली एका मुलाच्या मृत्यूचा ठपका ज्यूंवर ठेवून ऱ्हाईन आणि मोझेलकाठच्या ज्यू वस्त्यांत कत्तली करण्यात आल्या, आणि त्या मुलाला संत मानून हे चॅपेल उभारले गेले. चर्चने विसाव्या शतकात ही संतपूजा मागे घेतली. बाखाराखला उतरणाऱ्याने हे ठाऊक ठेवूनच तेथे जावे. या गावाच्या आसपास उभ्या चढांवर द्राक्षांचे मळे आहेत; स्लेट दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते, म्हणून रीसलिंग जातीची द्राक्षे इतक्या उत्तरेला पिकतात. मात्र अनेक जुन्या मळ्यांवर आता झुडपे वाढली आहेत. अशा चढांवर यंत्र चालत नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तुलनेत मधल्या ऱ्हाईनवरचे द्राक्षक्षेत्र एका लहानशा हिश्श्यावर आले आहे.

दोन्ही काठांवर रेल्वे आहे, पश्चिम काठावरची १८५९ची आणि पूर्व काठावरची १८६२ची, आणि मालगाड्यांचा खडखडाट डेकवरही सतत ऐकू येतो. ऱ्हाईनवर शांतता मिळेल या अपेक्षेने येणाऱ्यांनी हे आधीच जाणून असावे. लोरेलायजवळच्या बोगद्यांची तोंडे किल्ल्यांच्या बुरुजांसारखी बांधलेली आहेत, तीही याच एकोणिसाव्या शतकातील हौसेतून. पूल मात्र कोब्लेन्झच्या पुढे संपूर्ण घळईत एकही नाही. गाड्या आणि माणसे फेरीबोटीने नदी ओलांडतात. सांक्ट गोआरजवळ पूल बांधण्याची चर्चा दीर्घकाळ चालू आहे, आणि वारशाचा दर्जा व रोजच्या ये-जा करणाऱ्यांची गरज यांतून अजून वाट निघालेली नाही.

शेवटचा टप्पा वेगाने उलगडतो. उजव्या हाताच्या कड्यावर ऱ्हाइनश्टाइन, जो प्रशियाच्या राजपुत्र फ्रीडरिखने १८२०च्या दशकात अवशेषांतून पुन्हा बांधून घेतला. डाव्या हाताला एहरेनफेल्सचे भग्न बुरुज, माइन्झच्या आर्चबिशपचा जकात किल्ला, जो १६८९मध्ये फ्रेंच सैन्याने या भागातील इतर अनेक किल्ल्यांबरोबर पाडला. आणि मध्ये बेटावर ‘उंदरांचा मनोरा’. क्रूर आर्चबिशपला उंदरांनी येथे खाल्ल्याची कथा सांगितली जाते, पण तो आर्चबिशप दहाव्या शतकातला आणि मनोरा त्यानंतर तीन-चारशे वर्षांनी बांधलेला, म्हणजेच जकातीच्या यंत्रणेचा एक भाग. एकोणिसाव्या शतकात प्रशियाने त्याची डागडुजी करून तेथून बोटींना इशारे देण्याची सोय केली, ती १९७४पर्यंत चालली. त्याच्या शेजारचा पाण्याचा भाग म्हणजे बिंगनची खिंड : क्वार्टझाइटचा कठीण पट्टा नदीला आडवा आहे, त्यात पूर्वी अगदी अरुंद वाट होती. १८३०च्या सुमारास प्रशियाने सुरुंग लावून ती रुंद केली आणि १९६६ ते १९७४ या काळात ती १२० मीटर करण्यात आली. प्रवाहाविरुद्ध येणाऱ्या बोटीचे इंजिन येथे घरघरते, पाणी दोन्ही बाजूंनी उसळते, आणि लगेच डोंगर मागे सरून नदी तळ्यासारखी रुंद होते. खालच्या दिशेने जाणाऱ्यांना हा क्षण प्रवासाच्या आरंभीच मिळतो, तेव्हा त्यांना त्याचा अर्थ लागलेला नसतो.

तिकीट आधी काढायचे असेल तर आदल्या दिवशी काउबची पातळी इंटरनेटवर पाहून घ्यावी, कारण फार कमी किंवा फार जास्त पाणी असल्यास फेऱ्या रद्द होतात. एप्रिल आणि ऑक्टोबर या दोन टोकांच्या महिन्यांत पूर्ण टप्प्याची फेरी रोज असेलच असे नाही, म्हणून वेळापत्रकातील तारखा तपासाव्यात. डेकवर वारा थंड असतो. जुलैतही जॅकेट जवळ ठेवावे. ऱ्युडेसहाइमला उतरल्यावर त्याच काठाने जाणारी लोकल गाडी एका दिशेने विसबाडेनमार्गे फ्रँकफर्टला आणि दुसऱ्या दिशेने थेट कोब्लेन्झला जाते, त्यामुळे बोटीचे परतीचे तिकीट काढण्याची गरज नाही.